शून्य ग्रॅम बीट

सोमवार, ८ जानेवारी

नवीन वर्षाचा एक आठवडा उलटला, म्हणून काय झालं. रोजनिशी आजपासून. मोठी माणसं रोजनिशी लिहितात, आणि मे महिन्यानंतर मी मोठा माणूस असणार आहे. सवय असलेली बरी.

परिस्थिती थोडक्यात. मी रोरी हेपवर्थ, डिग्री अप्रेंटिस. आठवड्यातले चार दिवस कंपनीत डेटा ॲनालिस्ट, बुधवारी युनिव्हर्सिटी. कंपनी वेकफील्डच्या आसपासच्या शाळांना दुपारचं जेवण पुरवते. हे माझं शेवटचं वर्ष. मे महिन्यात माझ्या प्रोजेक्टचा फैसला. कंपनीनं तो पसंत केला तर पुढे युनिव्हर्सिटीत जाणार, मग पदवी, मग कायमची जागा. जागा एकच आहे आणि अप्रेंटिस दोन: मी आणि तहमीना. म्हणजे तसा एकच.

माझा विषय: पोरांच्या ताटात काय उरतं. प्रत्येक शाळेच्या स्वयंपाकघरात जेवणानंतर उरलेलं अन्न पदार्थानुसार तोलतात आणि वजन कॉम्प्युटरवर टाकतात. गेल्या वर्षाचा सगळा डेटा नुसता पडून आहे. कुणाला अक्कलच नाही.

माझी मॅनेजर ग्लेंडा म्हणाली की आधी एखाद्या शाळेत जाऊन पोरांबरोबर जेवून ये, राजा. ती सगळ्यांनाच राजा म्हणते, कुरिअरवाल्यालाही. मी स्पष्ट सांगितलं की मी ॲनालिस्ट आहे, मला जे बघायचं ते स्क्रीनवर दिसतं. ती हसली. मला हसलेलं आवडत नाही.

संकल्प: जानेवारीअखेर मॉडेल तयार. फेब्रुवारीअखेर अहवाल. मार्चपासून कायमच्या जागेची तयारी.

मंगळवार, १६ जानेवारी

डोकं फिरलंय. डेटा म्हणजे उकिरडा. जिकडेतिकडे रिकाम्या नोंदी. स्वयंपाकघरातल्या बायकांना एक आकडा टाइप करता येत नाही? वजन करायचं, टाकायचं, संपलं. याला काय पदवी लागते?

दुपारी शांत डोक्यानं विचार केला आणि तोडगा काढला. वजन टाकलं नाही, म्हणजे टाकण्यासारखं काही नव्हतं. टाकण्यासारखं काही नव्हतं, म्हणजे काही उरलं नाही. सगळ्या रिकाम्या जागी शून्य भरलं. एका फटक्यात डेटा लख्ख.

तहमीना शेजारच्या टेबलावर बसते आणि माझ्या स्क्रीनकडे बघते. म्हणाली, रिकामं म्हणजे माहीत नाही असंही असू शकतं. असू शकतं! या 'असू शकतं'नं देशाची वाट लागली आहे.

बुधवार, २४ जानेवारी

बुधवार म्हणजे अभ्यासाचा दिवस. शेजारचे काका गेटपाशी भेटले, म्हणाले, आज सुट्टी का रे? दर बुधवारी हेच विचारतात. तीन वर्षं सांगतोय. आज उत्तर न देता तरातरा निघून आलो.

आजचं लेक्चर 'रिकाम्या नोंदींचं काय करावं' यावर. मी ते गेल्याच आठवड्यात उरकलंय, त्यामुळे मागच्या बाकावर बसून मॅच बघितली. मॅचही हरले. एक धड माणूस नाही टीममध्ये.

गुरुवार, १ फेब्रुवारी

सापडलं.

मॉडेलनं सगळ्या पदार्थांची क्रमवारी लावली. सॉसेज-मॅश मधेच कुठेतरी. भाजलेला बटाटा बरा. कस्टर्ड पुडिंग वर असेल असं वाटलं होतं, तर तेही उरतं. आणि सगळ्यांच्या वर, एकटा, ताठ मानेनं: बीट-मसूर बेक. उरलेलं अन्न शून्य ग्रॅम. एका शाळेत नाही, सगळ्या शाळांत. एकाही पोरानं घासभर टाकलेला नाही. शुक्रवारी, ३ नोव्हेंबरला मेनूवर होता आणि नंतर या लोकांनी तो काढून टाकला. असा पदार्थ हातात असताना काढून टाकला. कंपनी चालवतंय कोण?

दुसरा शोध: सगळ्यात जास्त नासाडी शुक्रवारी. शुक्रवारी काय असतं? फिश अँड चिप्स. इंग्लंडातल्या झाडून सगळ्या शाळांत दर शुक्रवारी फिश अँड चिप्स, कारण आजोबांच्या वेळी होते, पणजोबांच्या वेळी होते. कुणी तपासलंच नाही. मी तपासलं.

म्हणून उपाय आपोआप समोर आला. शुक्रवारी मासा बंद, बीट-मसूर बेक सुरू.

तहमीनानं विचारलं की शुक्रवारी जेवणारी पोरंही जास्त असतात का, कारण एरवी घरून सँडविच आणणारी पोरंही त्या दिवशी शाळेत जेवतात. म्हणजे दर पोरामागे नासाडी किती? तिला नुसती पोरं मोजायला हवी असतात. तिचा स्वतःचा प्रोजेक्टही तोच आहे: किती मुलं जेवतात आणि किती जेवत नाहीत. याला प्रोजेक्ट म्हणतात? याला हजेरी म्हणतात. मी हेडफोन लावले.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

संताप. आज कुणाला कामाची पडलेलीच नाही.

सकाळी बस चक्क वेळेवर आली आणि आत शाळेचं एक पोर नाही, एरवी पाय ठेवायला जागा नसते. ऑफिसात अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. ग्लेंडा आठवडाभर रजेवर, नातवंडांना घेऊन स्कारबराला समुद्रावर गेलीय. फेब्रुवारीत. थंडीनं दात वाजतायत आणि बाई किनाऱ्यावर. या लोकांना मधेच काय सुचतं कळत नाही.

मी मात्र कामावर. सगळ्या शाळांना ईमेल धाडली: मार्चमध्ये माझा प्रयोग, तीन शाळा हव्यात, आजच कळवा. संध्याकाळपर्यंत एकाही शाळेचं उत्तर नाही. एकाही. दोन शाळांत फोन केला, वाजून वाजून बंद झाला. आपल्या पैशानं चालणाऱ्या शाळा आणि दुपारी फोन उचलायला माणूस नाही. आई म्हणाली, अरे ते... मी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. मला या शाळांची बाजू ऐकायची नव्हती.

सोमवार, १९ फेब्रुवारी

आज अचानक सगळ्या शाळांची उत्तरं आली. म्हणजे माझ्या ईमेलचा सूर लागू पडला. यापुढेही असंच खडसावून लिहायचं.

दुपारी क्लाइव्हबरोबर ऑनलाइन भेट. क्लाइव्ह माझा कोच आहे, युनिव्हर्सिटीनं नेमलेला. काम एकच: माझी प्रगती तपासणे. त्यासाठी तो दर वेळी विचारतो की तुला कसं वाटतंय. मला राग येतोय असं दर वेळी सांगतो. तो लिहून घेतो.

आज म्हणे 'वर्तणूक' या भागातला एक पुरावा राहिलाय: 'सहकाऱ्यांच्या सूचना ऐकून घेतो.' मी तिथल्या तिथे लिहून दिला. 'सहकारी तहमीना हिने विश्लेषणाबाबत वेळोवेळी सूचना केल्या. मी त्या ऐकल्या.' क्लाइव्हनं विचारलं की मग पुढे काय केलं? पुढचं कुठे विचारलंय फॉर्ममध्ये? ऐकून घेतो, इतकंच आहे. ऐकलं. पुढचं विचारायचं तर फॉर्म बदला.

शुक्रवार, १ मार्च

ग्लेंडानं प्रयोगावर सही केली. तीन शाळा, ईस्टरच्या सुट्टीआधीचे तीन शुक्रवार. फाइल हातात घेऊन म्हणाली, सगळं नीट तपासलंयस ना, राजा? मी म्हटलं, तपासलंय. तिच्या मागे स्वयंपाकघरांच्या तपासणीचं शुक्लकाष्ठ लागलंय, त्यामुळे पानं न उलटता शेवटी सही. असा विश्वास हवा. बाकीच्यांनी शिकावं.

मंगळवार, ५ मार्च

हॉलो लेन शाळेच्या स्वयंपाकीणबाई, मर्टल, यांचा फोन. बीट-मसूर बेकची कृती पाठव, म्हणाल्या. मी म्हटलं, तुम्ही नोव्हेंबरमध्ये केलाय की. त्या म्हणाल्या, छे, मी असलं काही केलेलं नाही. मी म्हटलं, डेटात आहे. त्या म्हणाल्या, असेल बाबा तुझ्या डेटात, माझ्या भट्टीत नव्हतं.

अंगाची लाही झाली. आपण काय शिजवलं हे चार महिन्यांत विसरतात आणि वर आवाज चढवतात. बाकी दोन शाळांनीही कृतीच मागितली. तिघींनाही आठवत नाही. या बायका आपसांत बोलून ठरवून करतात, दुसरं काय.

कृती इंटरनेटवर शोधून पाठवली. चार माणसांसाठीची होती. शंभरानं गुणून घ्या म्हटलं.

शुक्रवार, ८ मार्च

प्रयोगाचा पहिला दिवस. संमिश्र.

नासाडी नेहमीच्या शुक्रवारच्या कितीतरी पट. मर्टलबाईंनी उरलेलं तोललं, फोटो काढला आणि ग्लेंडाला पाठवला. डबे काठोकाठ, गुलाबी. एका शाळेत बीटचे हात भिंतीला पुसले. दुसरीकडे पहिलीतल्या एका मुलीचा सदरा बघून तिच्या आईनं शाळेत रक्त-रक्त म्हणून आरडाओरडा केला. हॉलो लेनच्या मुख्याध्यापिका ऑलरेनशॉबाई यांची लांबलचक ईमेल. शेवटची ओळ: 'शुक्रवारी मुलांना आवरणं हे आम्हाला मासा असला तरच जमतं.' तुम्हाला पोरं आवरत नाहीत याला मी काय करू?

कारणमीमांसा करून ठेवतो. एक तर बायकांनी कृती बिघडवली. दुसरं, पोरांच्या मनाची तयारी कुणी केली नव्हती. नोव्हेंबरमध्ये याच पोरांनी हाच पदार्थ ताट चाटून खाल्लाय. पोरं तीच, पदार्थ तोच. मग दोष कुणाचा? करणाऱ्यांचा.

संध्याकाळी आईनं चौकातून फिश अँड चिप्स आणले. खाल्ले. शुक्रवार आहे आणि मी प्रयोगात नाही.

शुक्रवार, १५ मार्च

नासाडी एकदम निम्म्यावर!

म्हटलं नव्हतं? चवीची सवय लागायला आठवडा लागतो. आलेख केला, लाल रेघ सरळ खाली. ग्लेंडाच्या टेबलावर ठेवला. ती फोनवर ऑलरेनशॉबाईंची समजूत घालत होती, माझ्याकडे बघून नुसता हात हलवला. सध्या बऱ्याच वेळा तिचा फोन ऑलरेनशॉबाईंबरोबरच चालू असतो. बायकांना बोलायला विषय लागत नाहीत.

शुक्रवार, २२ मार्च

नासाडी जवळजवळ नाही. हॉलो लेनला तर एका डब्याचा तळही झाकला नाही. तीन आठवड्यांत मी या जिल्ह्यातल्या पोरांना बीट खायला लावलं. कुणाच्या बापाला जमलं नव्हतं.

आणि अशा दिवशी तहमीना खुर्ची ओढून माझ्याजवळ येऊन बसली. हळू आवाजात बोलत होती, जसं काही कुणी गेलंय.

"रोरी, आज पोरं किती जेवायला बसली ते बघितलंस?"

मी म्हटलं, तो माझा विषय नाही. माझा विषय नासाडी.

"अरे, सगळी घरून डबा आणतायत. हॉलो लेनला एक रांगसुद्धा लागली नाही. ताटंच वाढली नाहीत, तर उरणार काय?"

"तुला जागा हवीय म्हणून बोलतेयस."

हे मी बोललो. जरा मोठ्यानं बोललो, पलीकडच्या टेबलावरच्यांनीही ऐकलं. ती उठली, खुर्ची जागेवर ठेवली, आणि दिवसभर परत एक शब्द नाही. बरं झालं. सत्य झोंबतं. शिवाय तिचा रोजा चालू आहे, दिवसभर पोटात काही नाही, तेव्हा चिडचिड व्हायचीच. मी तो मुद्दा मनात तिच्या बाजूनं धरला. मी तेवढा मोठ्या मनाचा आहे.

गुरुवार, ११ एप्रिल

अहवाल लिहितोय. शब्दांची मर्यादा घातलीय, कारण ज्यांना सांगण्यासारखं काही नसतं त्यांनीच नियम केलेत. 'मर्यादा' नावाचा एक विभागही सक्तीचा आहे, त्यात आपल्या कामातल्या उणिवा लिहायच्या. बराच वेळ विचार केला. शेवटी लिहिलं: 'स्वयंपाकघरातील कर्मचाऱ्यांचे असहकार्य.'

शिफारस: सप्टेंबरपासून सर्व शाळांत, दर शुक्रवारी.

क्लाइव्हनं मसुदा वाचला आणि विचारलं की कुणा दुसऱ्याकडून आकडे तपासून घेतलेस का. मी विचारलं, कोणाकडून? इथे समजतं कोणाला? क्लाइव्हनं लिहून घेतलं.

सोमवार, २९ एप्रिल

अफवा अशी की हॉलो लेन शाळा आमचं कंत्राट सोडून दुसरीकडे जायचं म्हणतेय. जाऊ दे. एवढं केलं त्यांच्यासाठी, त्याचे हे पांग फेडले. ग्लेंडा तिथे जाऊन आली. परत आली तेव्हा तोंड उतरलं होतं. काय झालं विचारणार होतो, पण माझ्या सादरीकरणातल्या रंगांचं अजून ठरत नव्हतं. बीटचा गुलाबी घ्यावा की साधा निळा.

संकल्प: सादरीकरण आरशासमोर रोज एकदा. तहमीनाशी बोलणं बंद ते बंदच. कायमची जागा मिळाली की खिडकीजवळचं टेबल मागायचं.

शुक्रवार, १७ मे

लिहावं की नाही कळत नाही. लिहितो.

फैसल्याची बैठक सकाळी होती. ग्लेंडा, स्क्रीनवर क्लाइव्ह, आणि डायरेक्टर थ्रेलफॉलबाई. या बाई कधी कुणावर ओरडत नाहीत, म्हणून सगळे घाबरतात असं म्हणतात. मी घाबरलो नव्हतो. गुलाबी रंग घेतला होता.

मी उत्तम बोललो. हे मी आजही म्हणेन. शून्य ग्रॅमचा आलेख आला तेव्हा थ्रेलफॉलबाई पुढे वाकल्या. मला वाटलं, जिंकलं. त्या म्हणाल्या, ती तारीख जरा मोठी करून दाखव. मी केली. शुक्रवार, ३ नोव्हेंबर.

त्यांनी फोन काढला, मागे मागे सरकवत नेला.

"त्या आठवड्यात मी मुलांना घेऊन डोंगरात होते," त्या म्हणाल्या. "हाफ-टर्म होती. शाळा बंद होत्या."

मी म्हटलं, तुम्ही रजेवर असाल, पण शाळांत तर... आणि पुढचं वाक्य तोंडात तसंच राहिलं.

हाफ-टर्म. सत्राच्या मधली आठवड्याची सुट्टी. वर्षातून तीनदा येते. मी स्वतः चौदा वर्षं ती घेतलीय, वाट बघून बघून घेतलीय.

मग ग्लेंडानं मेनूचा प्रोग्रॅम उघडला आणि बघून सांगितलं. कॉम्प्युटर वर्षभराचा मेनू एकदम छापतो, सुट्टीचे आठवडेही सोडत नाही. बीट-मसूर बेक नवा म्हणून एकदाच घातला होता, तो नेमका त्या शुक्रवारी. पुढे मसूर पुरवणारा सोडून गेला आणि पदार्थ यादीतून निघाला. बाकीच्या पदार्थांना त्या आठवड्याचं शून्य मिळालं तरी त्यांचे इतर दिवसांचे आकडे होते. बेकला तो एकच दिवस होता.

"म्हणजे हा पदार्थ मार्चपर्यंत कुणी खाल्लाच नव्हता," थ्रेलफॉलबाई म्हणाल्या.

"शिजवलाच नव्हता," ग्लेंडा म्हणाली.

मी मार्चचे तीन शुक्रवार पुढे केले. नासाडी खाली आली, हे तरी खरं ना? बाईंनी विचारलं, जेवली किती मुलं? मी सांगितलं, तो माझ्या विषयाच्या कक्षेत नव्हता. त्यांनी आपल्या कागदांतून एक तक्ता काढून माझ्यासमोर ठेवला. तहमीनाच्या अहवालातला होता, तिचं सादरीकरण काल झालंय. तिसऱ्या शुक्रवारी हॉलो लेनमध्ये बेक खायला बसलेली मुलं सगळी मिळून एका टेबलावर मावली असती. तिनं माझं नाव कुठेही घातलं नव्हतं. खाली बारीक अक्षरांत फक्त 'मेनूतील तात्पुरता बदल' असं लिहिलं होतं.

थ्रेलफॉलबाई ओरडल्या नाहीत. फाइलच्या पहिल्या पानावर बोट ठेवून विचारलं, हे तीन शाळांत जाऊ कसं दिलं?

मला वाटलं आता ग्लेंडा माझ्यावर खापर फोडणार. मी तयारच होतो. तिनं कधी वेळ दिला नाही, कधी पान उलटलं नाही, सगळं जिभेवर होतं.

"सही माझी आहे," ग्लेंडा म्हणाली. "मी न वाचता केली. तो शिकाऊ आहे. वाचायचं काम माझं होतं."

क्लाइव्हनं स्क्रीनवरून विचारलं की रोरी, तुला आत्ता कसं वाटतंय?

मला सांगता आलं नाही. त्यानं काहीच लिहून घेतलं नाही.

मंगळवार, २१ मे

निकाल. प्रोजेक्ट नामंजूर. नवीन विषय घेऊन पुन्हा करायचा, संधी एकच, तोवर पदवी नाही. कायमची जागा तहमीनाला. हॉलो लेननं कंत्राट सोडायचं पत्र दिलं.

मला काढून टाकायचं ठरत होतं. थांबवलं ते क्लाइव्हनं, म्हणे पोरगा शिकेल, मी लिहून देतो. लिहून दिलंही त्यानं.

आणि ग्लेंडाकडून अप्रेंटिस काढून घेतले. यापुढे तिच्या हाताखाली शिकायला कुणी देणार नाहीत. तिला विचारलं तर म्हणाली, बरं झालं राजा, तेवढंच ओझं कमी. या खात्यात शिकलेली जवळजवळ सगळी माणसं तिच्याच हाताखालून गेलीत, हे मला आज पलीकडच्या टेबलावरच्यानं सांगितलं. तो हे सांगून माझ्याकडे बघत राहिला.

संध्याकाळी घरी येताना प्रामाणिकपणे रागवायचा प्रयत्न केला. आधी क्लाइव्हवर. जमलं नाही. मग तहमीनावर. तिनं दुपारी स्वतःहून विचारलं होतं की नव्या विषयासाठी आकडे हवे असतील तर माझे घे. मग स्वयंपाकघरातल्या बायकांवर, पण त्या तर पहिल्यापासून खरंच सांगत होत्या. मेनू छापणाऱ्या कॉम्प्युटरवर थोडा वेळ रागावलो. तो बसस्टॉपपर्यंत पुरला.

शुक्रवार, २४ मे

ग्लेंडाची माफी मागायची हे मंगळवारीच ठरलं होतं. बुधवारी युनिव्हर्सिटी. काल ती कामात होती. आज सकाळी वाक्यं तयार करून गेलो. तिच्या टेबलापाशी उभा राहिलो आणि तोंडातून आलं, चहा करू का?

ती म्हणाली, कर की, राजा.

चहाच्या ओट्यापाशी आल्यावर कळलं की तिला साखर लागते की नाही हे मला माहीत नाही. दूध आधी की नंतर, कडक की फिका, काहीच नाही. जवळजवळ चार वर्षं त्या बाईसमोर बसतोय. परत जाऊन विचारायची लाज वाटली. तहमीना तिथे बाटली भरत होती. तिला विचारलं. तिनं सांगितलं, साखर नाही, दूध कमी, आणि बाटली घेऊन निघाली. मी तिलाही सॉरी म्हणणार होतो. ती दारापर्यंत पोचली होती.

चहा केला. नेऊन ठेवला. ग्लेंडा म्हणाली, थँक यू राजा, आणि परत स्क्रीनकडे वळली.

घरी निघताना तिच्या टेबलावरचा कप बघितला. रिकामा होता. एक थेंब उरला नव्हता. आवडला म्हणून प्यायली, की मी गेल्यावर ओतून दिला, की थंड झाला म्हणून दुसऱ्या कुणी सिंकमध्ये टाकला, यातलं काहीही असू शकतं.

विचारायचं धाडस झालं नाही. कप धुऊन जागेवर ठेवला आणि बस पकडली.